उशिरा वाचलेली प्लेट

त्या दुपारी मला झोप लागली नसती तर हे लिहायची वेळ आली नसती. दोन-सव्वादोन तासांची झोप, तीही टेबलावर डोकं टेकून, हाताची घडी करून, बालवाडीत बाई झोपवायच्या तशी. तेवढ्या झोपेनं आष्ट्याजवळच्या एका गावातल्या बाईचा शब्द गेला. कोंबड्याही गेल्या, पण कोंबड्या पुन्हा होतात.

सांगलीत कोंबड्यांच्या रोगांचं निदान करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. आता निवृत्त होऊन वर्ष होत आलं. माझं माहेर वाईचं, घर पूजापाठ सांगणाऱ्यांचं. मुलगी मेलेल्या कोंबड्या फाडते हे वडिलांनी घाटावर कधी कुणाला सांगितलं नाही. ‘सरकारी खात्यात आहे’ एवढंच सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

नोकरीची पहिली वर्षं साताऱ्यात गेली. तिकडं कोयनेच्या बाजूला जमीन हलली की आमच्या टेबलावरच्या काचा किणकिणायच्या, आणि मी लावलेली प्लेट सरळ टाकून नवी लावायचे. हललेली प्लेट वाचायची नाही, असा माझा हेका. तिथले साहेब म्हणायचे, अहो, एवढंसं तर हललं. मी ऐकायचे नाही. तेव्हा अंगात ताकद होती. मग सांगलीला बदली, संसार, मुलीचं लग्न, नवऱ्याचं जाणं, आणि नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत सासूबाईंचा खुबा मोडला. रात्रीत तीन-चारदा त्यांना कुशीवर वळवायचं, सकाळी सांभाळणारी बाई आली की पदर खोचून बाहेर पडायचं. मी उभ्या-उभ्या झोपायला शिकले होते. बसल्यावर काय होणार ते सांगायला नको.

प्लेट म्हणजे जेवणाची नव्हे. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यात छोट्या छोट्या गोल वाट्या, आठ रांगा, रांगेत बारा. मेलेल्या पक्ष्याचा मेंदू, प्लीहा वाटून त्याचं पाणी उबवणीच्या अंड्यात टोचायचं. चार-पाच दिवसांनी अंडं फोडून आतलं स्वच्छ पाणी काढायचं. विषाणू असेल तर तो एव्हाना त्या पाण्यात मावेनासा झालेला असतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून कोंबड्याचं रक्त लागतं. त्यासाठी आम्ही प्रयोगशाळेच्या मागं तीन कोंबडे पाळले होते. त्यांच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त काढायचं, धुऊन त्यातल्या फक्त लाल पेशी ठेवायच्या आणि प्रत्येक वाटीत थोड्या थोड्या घालायच्या. मला बघितलं की ते कोंबडे कोपऱ्यात जायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही.

पेशीच्या अंगावर साखरेची बारीक टोकं असतात. चहात घालतो ती साखर नव्हे, पण तिच्याच भाऊबंदांतली. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते ही साखर ओळखतं आणि धरतं. धरल्याशिवाय त्याला पेशीत शिरताच येत नाही. कोंबडीच्या घशात तो हेच करतो आणि माझ्या वाटीतही हेच करतो. एका हातानं ही पेशी, दुसऱ्या हातानं ती पेशी धरून ठेवतो, त्यामुळं पेशी खाली बसू शकत नाहीत. वाटीच्या तळाशी पातळ चादर पसरल्यासारख्या राहतात. विषाणू नसेल तर पेशी सुट्या असतात, घरंगळत जाऊन मधोमध एक लाल टिकली होते. आम्ही तिला बटण म्हणायचो. चादर म्हणजे रोग, बटण म्हणजे निर्धास्त. पस्तीस वर्षं मी बटणं आणि चादरी वाचल्या.

एक साहेब होते, पीएचडी झालेले. ते सांगायचे की साखर धरणारी प्रथिनं एकट्या विषाणूकडंच नसतात. आपल्या नाका-घशातल्या चिकट पाण्यातही असतात. ती विषाणूच्याच अंगावरची साखर पकडून त्याला वाटेत अडवून ठेवतात. पण काही विषाणू इतके बेरकी, की त्या राखणदारांच्याच खांद्यावर बसून पेशीच्या दारापर्यंत पोचतात. म्हणजे तेच प्रथिन एकाला तारतं, एकाला मारतं. साहेब हे फार खुशीत सांगायचे. मी मान डोलवायचे आणि घरी दूध तापवलंय का नाही ते आठवत बसायचे.

तर ती बाई. चाळिशीची असेल. नवरा फौजेत, कुठं तरी पूर्वेकडं, वर्षातून दोनदा यायचा. घरी ऊस होता, पण उसाचं सगळं दीर बघायचे; तिथं तिला कुणी विचारत नव्हतं. परसातल्या गावरान कोंबड्या मात्र तिच्या होत्या. दीडएकशे असतील. एखादी सुस्त दिसली तरी ती पाटीत घालून, वर फडकं बांधून, एसटीनं सांगलीला घेऊन यायची. आधी मला मॅडम म्हणायची, पुढं पुढं ताई म्हणायला लागली. येताना कधी शेवग्याच्या शेंगा, कधी चार अंडी. मी नको म्हणायचे. ती टेबलावर ठेवून निघून जायची.

त्यांच्याकडं कोंबडी अर्धलीनं द्यायची पद्धत आहे. कोंबडी माझी, सांभाळ तुझा. अंडी बसवायची, पिल्लं निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. कागद नाही, साक्षीदार नाही. ज्यांच्याकडं कोंबडी विकत घ्यायची सोय नाही अशा बाया अर्धलीनं घेतात, आणि देणारीनं एकच शब्द द्यायचा असतो, की कोंबडी निरोगी आहे. आजारी कोंबडी दिली तर ‘घरात रोग घातला’ म्हणतात, आणि असं एकदा कुणाला म्हटलं की त्या बाईकडून पुन्हा कुणी काही घेत नाही. हळदीकुंकवालासुद्धा लांब बसवतात.

होळीच्या आधी दोन आठवडे ती आली. या खेपेला पाटी नव्हती, सिमेंटच्या पोत्यात दोन मेलेल्या कोंबड्या होत्या.

“आवं ताई, सकाळी दाणं टिपत हुत्या,” ती म्हणाली. “दुपारी बघती तर मान वाकडी करून गोल गोल फिराय लागल्या. दोन मेल्या. बाकीच्या बऱ्या दिसत्यात. पर अकरा जणींनी अर्धलीनं मागितल्यात माझ्याकडं, पाडव्याच्या आत द्यायच्यात. रोग असंल तर मी देत न्हाई. तुमी सांगाल तसं.”

मान वाकडी म्हणजे मानमोडी, हे शेंबडं पोरही सांगेल. कागदावर त्याला राणीखेत म्हणतात. पण मान दुसऱ्या कारणांनीही वाकडी होते, विषारी दाणा खाल्ल्यानं, जीवनसत्त्व कमी पडल्यानं. म्हणून तर प्लेट लावायची. मी तिला सांगितलं, आठवडाभर कुठली कोंबडी हलवू नका, रिपोर्ट आला की कळवते. तिनं मान हलवली आणि आठवडाभर एक कोंबडी हलवली नाही. हे मला नंतर कळलं, आणि तेच जास्त लागलं.

पाचव्या दिवशी अंडी फोडली, पाणी काढलं, प्लेट लावली. दीड वाजला असेल. वीज गेली होती. उन्हाळ्यात प्लेट फ्रीजमध्ये ठेवायची असते, पण फ्रीज बंद, म्हणून टेबलावरच ठेवली. अर्ध्या तासानं, फार तर चाळीस मिनिटांनी वाचायची. सांगलीतला मार्च, पंखा बंद, आदली रात्र सासूबाईंच्या उशाशी गेलेली. मी म्हटलं, तोवर जरा डोकं टेकू. जाग आली तेव्हा वीज आली होती आणि पावणेचार वाजत होते.

सगळ्या वाट्यांत बटणं. एका सरळ रेषेत, सुंदर, लाल.

आता जे सांगायचंय ते मी बराच काळ स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. प्रत्येक प्लेटमध्ये एक रांग ओळखीच्या विषाणूची असते. त्यात विषाणू आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तिथं चादर पडलीच पाहिजे. तिथं चादर नसेल तर सगळी प्लेट बाद. त्या दिवशी त्या रांगेतही बटणं होती. मी ती बघितली. म्हटलं, बाटली जुनी झाली असेल, परवा नवी काढू. पाच वाजता सांभाळणारी बाई घरी जाणार होती. प्लेट पुन्हा लावायची तर आणखी तासभर. मी रजिस्टरात ‘आढळला नाही’ असं लिहिलं आणि हात धुतले.

साहेबांनी सही केली, आणि तिला लवकर कळावं म्हणून मीच त्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, हात जोडल्याची चार चित्रं.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं, आणि झोप काही येईना. ती ओळखीच्या विषाणूची रांग डोळ्यांसमोरून हलेना. सकाळी गेल्या गेल्या प्लेट पुन्हा लावायची असं ठरवलं. सकाळी सासूबाईंना ताप होता, मी उशिरा पोचले, टेबलावर आणखी चार पोती येऊन पडली होती. दुसऱ्या दिवशी मी विसरले. तिसऱ्या दिवशी आठवलं, आणि न आठवल्यासारखं केलं. माणूस दमला की खोटं बोलतोच असं नाही, नुसता गप्प बसतो, आणि त्याला वाटतं की यात आपण काही केलेलं नाही.

पंधरा दिवसांनी एक दुसरीच बाई पोतं घेऊन आली. साठीची, हिरव्या चुड्याची, खांद्याला बांगड्यांची पिशवी. त्या गावात आणि आसपासच्या चार गावांत घरोघर फिरून ती बांगड्या भरायची. सगळे तिला चाची म्हणत. पोत्यात तीन कोंबड्या होत्या. तिनं पोतं टेबलावर ठेवलं नाही, आपटलं.

“ह्यो तुमचा रिपोर्ट,” तिनं मोबाईल पुढं केला. त्यात मीच काढलेला फोटो होता. “हा दाखवून तिनं अकरा घरात कोंबड्या दिल्या. आठ दिसात सगळ्या आडव्या. माझ्या घरच्या आधीच्या व्हत्या त्याबी गेल्या. तिला म्हाईत हुतं. तिच्या दोन मेल्या हुत्या आधी. कागद कुठनं तरी करून आणला आन् रोग आमच्या घरात ढकलला.”

“त्यांनी कागद करून आणला नाही,” मी म्हणाले.

“तुमी कशाला बोलताय तिच्यासाठी? अंडी येत्यात न्हवं तुमच्याकडं?” चाची म्हणाली. “तिच्या पुतणीचं लगीन हाय. समद्या बायकांस्नी मी बांगड्या भरणार. तिच्या हातात न्हाई भरायची. सांगितलंय मी समद्यांस्नी.”

ती गेल्यावर मी फ्रीजरमधून पंधरा दिवसांपूर्वीची ती कुपी काढली, तेच अंड्यातलं पाणी. नव्या रक्तानं प्लेट लावली आणि समोर स्टूल घेऊन बसले. डोळे मिटले नाहीत. पस्तिसाव्या मिनिटाला ओळखीच्या रांगेत चादर होती, आणि तिच्या कोंबड्यांच्या रांगेतही चादर. पाणी पातळ करत नेलं तरी आठव्या वाटीपर्यंत. मानमोडीच्याच विषाणूला अडवणारं सीरम घालून खात्री केली, विषाणू तोच. मग एक काम केलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. प्लेट तशीच टेबलावर ठेवली आणि दर अर्ध्या तासानं बघत राहिले. हळूहळू चादरीच्या कडा आत ओढल्या गेल्या. दोन तासांनी चादरीची बटणं झाली होती. एक एक वाटी, माझ्या डोळ्यांदेखत.

याचं कारण मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं. साखर धरणारं विषाणूचं ते प्रथिन साखर कापूही शकतं. त्याला ते करावंच लागतं. पेशीत शिरून त्यानं स्वतःसारखे हजारो तयार केले, आणि ते सगळे त्याच पेशीला चिकटून बसले, तर पुढच्या पेशीकडं जाणार कसे? म्हणून धरायचं, काम झालं की साखर कापायची आणि सुटायचं. माझ्या वाटीतही गरम खोलीत तासाभरानं तो तेच करतो. पेशींना सोडून देतो, त्या खाली बसतात आणि बटण दिसतं. विषाणू वाटीतच असतो. म्हणून प्लेट वेळेवर वाचायची. हा एवढाच नियम, आणि तो मी नवीन आलेल्या कितीतरी जणांना दरडावून शिकवला होता. मला स्वतःची अतिशय लाज वाटली.

साहेबांकडं गेले. हे साहेब नवे, तिशीतले, सरळ स्वभावाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

“सुधारित रिपोर्ट काढू, तालुक्याला पाठवू, लसीकरण लावायला सांगू,” ते म्हणाले. “पण तुम्ही गावात वगैरे जाऊ नका. हात दाखवून अवलक्षण कशाला? सात महिने राहिलेत तुमचे. आणि मानमोडी काय, आज ना उद्या येणारच होती त्या गावात.”

“पण त्या बाईवर आळ आलाय.”

“झाकली मूठ आहे ताई, असू दे,” ते म्हणाले, आणि त्यांनी ते माझ्यासाठीच म्हटलं होतं, हे मला कळत होतं. म्हणून तर मी आठ दिवस त्याला धरून बसले. सुधारित रिपोर्ट तालुक्याला गेला, तिथून तो कुठं गेला माहीत नाही. तिला मी पाठवला नाही. तिचाही फोन आला नाही. ती कोंबडी घेऊन आली नाही, आणि सुस्त कोंबडी घेऊन ती आली नाही याचा अर्थ काय, तो मी लावून घेतला होता.

नवव्या दिवशी रविवार होता. सांभाळणाऱ्या बाईला जास्तीची वेळ थांबायला सांगितलं, दोन्ही कागद पिशवीत घातले, आणि आष्ट्यापर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. गुडघे दुखत होते. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. बैल गेला नि झोपा केला, असं स्वतःलाच म्हणत होते.

तिच्या परसात खुराडी रिकामी होती, चुना टाकलेला. ती शेण गोळा करत होती. मला बघून उठली, हात पुसले, “या ताई” म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही. दीडशेतल्या नऊ राहिल्या होत्या. नवरा फोनवर म्हणाला होता की कोंबड्यांचा नाद आता बास कर. पुतणीच्या हळदीला तिला कुणी हात लावायला बोलावलं नव्हतं.

मी म्हणाले, “मला त्या अकरा जणींना भेटायचंय. तुमच्यासमोर.”

“कशाला आता?”

“सांगायचंय काही.”

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता शेजारच्या मुलीला घरोघर पाठवलं. तासाभरात देवळापुढच्या कट्ट्यावर नऊ-दहा बाया जमल्या. चाचीही आली, बांगड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिला जवळ घेऊन कुणी बसलं नव्हतं, म्हणजे फौजीच्या बायकोला. ती एकटी खांबाला टेकून उभी होती.

मी सांगायला लागले. पेशी, पेशीवरची साखर, ती साखर धरणारा विषाणू. एकीनं मध्येच विचारलं, “म्हंजी मळी-बिळी घालायची न्हाई व्हय कोंबड्यास्नी? आमच्यात कारखान्याची मळी मिसळत्यात भुश्यात.” मी म्हणाले, तशी साखर नव्हे, ही अंगाचीच असते, माणसाच्याही असते. दुसरी म्हणाली, मग तर सुटकाच न्हाई. दोघी-तिघी हसल्या. मग मी प्लेटचं सांगितलं. तो धरतो, आणि उशीर झाला की सोडतो. सोडल्यावर बघितलं तर वाटतं की तो नव्हताच. मी उशिरा बघितलं. रिपोर्ट माझ्यामुळं चुकला. या बाईला रोग माहीत नव्हता. तिला मीच लिहून दिलं होतं की नाही म्हणून. मी दोन्ही कागद पुढं केले.

कुणी कागद घेतले नाहीत. मग चाची बोलली, आवाज न चढवता. “चांगलं केलंसा बाई आलासा ते. पर तुमी तिची पाहुणी. इतकी वर्सं तिची अंडी खाल्ली. तिचं नाव निघालं, म्हणून तुमी अंगावर घेतलं. आमाला कळतं की. आमीबी बायकाच हाय.”

दोघी-तिघींनी माना हलवल्या. मला वाटलं होतं, खरं सांगायला आले की काम होईल. खरं सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी इतकी दमले होते की तिथंच कट्ट्यावर आडवं व्हावंसं वाटलं.

तेव्हा ती खांबाजवळून पुढं आली. तिनं चाचीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

“ताई, तुमास्नी कवा कळलं हे?”

कुणालाही हा प्रश्न सुचला असता, पण माझ्या मनानं तो चुकवला होता. चाचीनं पोतं आणलं तेव्हा, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरं होतं.

“त्याच दिवशी संशय आला होता,” मी म्हणाले. “मला दुपारी झोप लागली होती. उठले तेव्हा उशीर झाला होता, ते मला दिसलं होतं. पुन्हा प्लेट लावायला तासभर लागला असता. मला घरी जायचं होतं. मी लिहून टाकलं. तुम्ही कोंबड्या दिल्या तोवर चार दिवस होते माझ्याकडं. एक फोन केला असता तर एकही कोंबडी तुमच्या परसातून गेली नसती. आणि पक्कं कळल्यावरही नऊ दिवस मी गप्प बसले.”

तिचा चेहरा मी बघू शकले नाही. मी तिच्या पायांकडं बघत होते, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या. चाचीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मला वाटतं, तेव्हा त्यांना पटलं. मैत्रिणीसाठी कुणी चूक अंगावर घेईल, पण इतकी वाईट घेणार नाही.

चाची उठली, तिच्याजवळ गेली. मग म्हणाली, “गेल्या खेपेला दिलेल्या तुझ्या कोंबडीखालची चार पिल्लं जगल्यात माझ्याकडं. दोन तुझी. सांच्याला आणून देती.”

ती रडायला लागली. एका हातानं तोंड झाकून, आवाज न करता. त्या अकरांतल्या एका घरातून तिच्याकडं वाट्याचं पिल्लू परत येतंय, याचा अर्थ तिथल्या प्रत्येक बाईला कळला होता, मलाही. आणि मला हेही कळत होतं की ती पिल्लं जगली असली तरी त्यांच्या विष्ठेतून, श्वासातून अजून काही आठवडे विषाणू पडू शकतो. तिच्याकडं नऊ कोंबड्या उरल्या होत्या. त्या क्षणी काही न बोलणं किती सोपं होतं ते मला माहीत होतं. मी तेच तर करत आले होते.

“आणू नका,” मी म्हणाले. “ती पिल्लं अजून महिनाभर तरी हलवू नका. रोग जाईल त्यांच्याबरोबर.”

सगळ्या माझ्याकडं वळल्या. चाचीच्या तोंडावर सरळ राग होता. एकजण मागून म्हणाली, आता हिचं कोण ऐकतंय.

ती पदरानं डोळे पुसत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, पुढंही त्या दिवशी बघितलं नाही. तिनं चाचीचा हात धरला.

“आणू नगंसा चाची,” ती म्हणाली. “ताई म्हणत्यात तर तुमच्याकडंच ऱ्हाऊ देत.”